राजकन्येच्या मुंडावळ्या

सासूबाई माझ्या बाळंतपणासाठी कोल्हापूरहून जर्मनीत डार्मश्टाटला आल्या आणि पहिल्याच दिवशी मी त्यांच्याशी धडधडीत खोटं बोलले. "तू कामावर करतीस तरी काय?" असं त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, "मशीनच्या पार्टांचे एक्स-रे बघते, आई. आत कुठे तडा गेलाय का ते." त्यांना ते पटलं. मुलगा झिंडेलफिंगेनला मोटारी बनवतो, सून पार्टांचे फोटो बघते, म्हणजे दोघं एकाच लायनीत. खरं असं होतं की त्या वर्षी मी चीनमधल्या एका राजकन्येच्या थडग्यातले दागिने बघत होते. पोटुशी सून मढ्याच्या दागिन्यांत डोकं घालून बसते हे कळलं असतं, तर त्यांनी मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं.

मी तेव्हा युनिव्हर्सिटीत धातूंवर पीएचडी करत होते. गावाबाहेर जुन्या वस्तू दुरुस्त करणारं एक वर्कशॉप होतं, त्यांना एक्स-रे वाचणारं कुणीतरी हवं होतं आणि माझ्या प्राध्यापकांनी मला पुढे केलं. उत्खननात त्या राजकन्येचं डोकं जिथे टेकलं होतं तिथली माती तशीच्या तशी, जेवायच्या पाटाएवढ्या ठोकळ्यात कापून, प्लास्टरमध्ये बांधून तिथे आणली होती. काम झालं की सगळं परत चीनला जायचं होतं. त्या मातीत सोन्याची इवली फुलं, मोती, निळे-हिरवे खडे असं शेकड्यांनी विखुरलं होतं. बाराशे वर्षांत केस गेले, केसांखालचा लाकडी सांगाडा गेला, ओवलेलं रेशीम गेलं. प्रत्येक मणी मात्र जिथे पडला तिथेच होता, आणि दागिना कसा होता हे सांगणारा पुरावा म्हणजे तेवढीच त्याची जागा.

मी गरोदर असल्याचं कळवलं आणि वर्कशॉपनं मला एक्स-रेच्या खोलीत जायला साफ बंदी केली. मुटरशुट्स म्हणजे गरोदर बायकांसाठीचा इथला कायदा, त्यात ते बसत नाही. रसायनं नाहीत, वजन उचलणं नाही, उभं राहणं नाही. तिकडे घरी सासूबाईंची यादी वेगळीच: पपई नाही, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसणं नाही, ग्रहणात चिरणं नाही. जर्मन सरकार आणि माझ्या सासूबाई यांचं इतकं एकमत होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मग मला बसून करायचं काम दिलं. फिल्म घरी न्यायच्या, उजेडावर धरून बघायच्या आणि कुठला मणी कशाशी जोडलेला होता ते कागदावर काढायचं.

सासूबाई आल्या त्याच आठवड्यात माझ्या मंगळसूत्राचा दोरा उसवायला लागला. मला आनंदच झाला, कारण घरात साक्षात पटवेकरीण होती. सासरे कोल्हापुरात सराफांच्या गुजरीच्या कडेला बसून दागिने रेशमात गाठवायचे, साज, ठुशी, मोहनमाळ, सगळं. लग्नसराईत काम घरी यायचं आणि मंगळसूत्रं सगळी सासूबाई ओवायच्या. पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवायचं, दुसरं टोक दातात, आणि बोटं चालली की चालली. हे सगळं नवऱ्यानं मला लग्नाआधी इतक्या वेळा रंगवून सांगितलं होतं की मी त्याच्या आधी त्याच्या आईच्या अंगठ्याच्या प्रेमात पडले होते. मी मंगळसूत्र त्यांच्यापुढे धरलं आणि म्हटलं, "अहो आई, एवढं गाठवून द्या ना."

त्यांनी हातसुद्धा पुढे केला नाही. म्हणाल्या, "माझ्या हातनं नको. गावाकडं गेलीस की कुणाकडनं तरी करून घे."

माझं डोकंच फिरलं. एवढंसं काम, आणि त्यालाही नाही? माझा स्वभाव मुळात तापट, त्यात सातवा महिना. मी आतल्या खोलीत जाऊन नवऱ्याला फोन लावला. तो आठवडाभर झिंडेलफिंगेनला असायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी यायचा. मी म्हटलं, "तुझ्या आईला मी अजून परकीच वाटते का रे?" त्यानं तिकडे दार लावून घेतलं. मग म्हणाला, "बाबा गेल्यापासून तिनं दोरा हातात घेतलेला नाही. तोंडावर कुणी काही बोललं नाही गं. पण विधवेनं ओवलेलं मंगळसूत्र नवरीच्या गळ्यात कोण घालणार? लग्नघरची कामं येईनाशी झाली. आणि मग तिनंच रेशमाच्या लडी वाटून टाकल्या."

मला आधी लाज वाटली आणि मग संताप आला. त्या न बोलणाऱ्या लोकांचा तर आलाच, सासूबाईंचाही आला. चाळीस वर्षांचं कसब, आणि ही बाई ते मुकाट्यानं वाटून टाकते? मी तिथेच ठरवलं की जायच्या आधी यांच्या हातात पुन्हा दोरा द्यायचा म्हणजे द्यायचाच. मंगळसूत्र एका डबीत ठेवलं आणि डबी मुद्दाम स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याशेजारी ठेवली. त्यांनी ती रोज पाहिली आणि रोज बाजूला सारून चहाचा डबा काढला.

इकडे माझं काम संपत आलं होतं. राजकन्येचा मुकुट कसा असेल ते बरंच जमलं होतं. तो जिथे संपतो त्याच्या खाली, हनुवटीच्या एका बाजूला, मोत्यांचा एक पुंजका होता आणि त्यात शेजारीशेजारी सोन्याच्या दोन इवल्या वाट्या. मी फिल्म पाहिली आणि क्षणाचाही विचार न करता हार काढला. मोत्यांच्या दोन सरी आणि मधोमध दोन वाट्या. वर्कशॉपच्या प्रमुख बाईंना दाखवला. साठीच्या पुढच्या, उंच, कानावर कायम पेन्सिल. "गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणाल्या, आणि माझ्या कागदावर त्यांनी लाल रेघ मारली. ठोकळा फार जड आणि ठिसूळ झाला होता, म्हणून त्या रेघेवर तो कापून दोन भाग करायचे ठरलं. वरचा मुकुट, खालचा हार. सोमवारी दुपारी.

गुरुवारी मी दवाखान्यात तपासणीला गेले होते. परत आले तर सासूबाई खिडकीपाशी उभ्या, चष्मा नाकावर, एका हातात फिल्म आणि दुसऱ्या हातात माझा कागद.

"हे कुणी काढलंय?"

"मी."

"चुकलंय," त्या म्हणाल्या, भाजीत मीठ जास्त पडलंय असं सांगावं तसं. "आणि हा कसला मशीनचा पार्ट गं? मला काय खुळी समजलीस? हे मोती हायत."

मी खोटं बोलून दमले होते. पण आधी मला दुसऱ्या गोष्टीचा राग आला. चुकलंय? सहा महिने डोळे फोडून केलेलं काम, आणि यांनी पाच मिनिटांत निकाल लावला? "काय चुकलंय?" मी जरा चढ्याच आवाजात विचारलं.

त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि फिल्म काचेला लावली. एक्स-रेमध्ये मोती पांढरा गोल दिसतो आणि त्याचं भोक बारीक काळ्या रेघेसारखं. "भोकं बघ," त्या म्हणाल्या. "गळ्यातली सर आडवी जाती. मग भोकं पण आडवीच पायजेत, एकापुढं एक. ही सगळी उभी हायत. हे गळ्यातलं न्हवं. हे वरनं लोंबत सोडलेलं हाय, पाच-सहा सरी शेजारीशेजारी. आणि ह्या वाट्या न्हवंत, टोप्या हायत. सरी वर एकत्र बांधल्यात, ती गाठ झाकायला टोपी घालत्यात. ही डाव्या बाजूची, ही उजव्या. मुंडावळ्या बघितल्या न्हाईस कधी? स्वतःच्या लग्नात बांधल्या होत्यास की!"

मी बघत राहिले. सगळी भोकं उभी होती. सहा महिने ती माझ्यासमोर उभीच होती. पण मला दोन वाट्या दिसल्या, मराठी डोळ्यांना मंगळसूत्र दिसलं, आणि पुढचं काही बघायची गरजच उरली नाही. जर्मन माणसाला तिथे मंगळसूत्र दिसलं नसतं, चिनी माणसाला तर नाहीच नाही. आणि आता सोमवारी ठोकळा नेमका त्या सरींमधून कापला जाणार होता. एकदा कापला की त्या बाईच्या कपाळावरून काय उतरत होतं, हे जगात कुणालाही पुन्हा सांगता आलं नसतं.

"कुणाचा दागिना हाय हा?" सासूबाईंनी विचारलं.

सांगणं भाग होतं. सांगितलं.

त्यांनी कागद टेबलावर असा आपटला की चमचे वाजले. "मढ्याचा? पोटात पोर आणि घरात मढ्याचा दागिना? अगं, अक्कल कुठं गहाण टाकलीस?" मी म्हटलं, घरात फक्त फोटो आहे, हात लावलेला नाही, मातीसुद्धा तिकडेच आहे. उपयोग झाला नाही. त्या न्हाणीघरात गेल्या आणि ऑक्टोबरच्या थंडीत भरदुपारी डोक्यावरून पाणी घेऊन आल्या. मलाही हातपाय धुवायला लावले. त्यानंतर तासभर त्या कांदा चिरत होत्या, आणि त्या दिवशी घरात कांद्याची भाजी नव्हती.

मग स्वयंपाकघरातून आवाज आला. "किती वयाची होती?"

"माझ्याएवढीच, आई."

"कशानं गेली?"

"आजारानं."

"पोरंबाळं?"

"एक मुलगा. लहान होता."

सुरी थांबली. मी हळूच जाऊन बाजूला बसले आणि मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. थडग्याच्या तोंडाशी चौकोनी दगड असतो, त्याच्यावर दगडाचंच झाकण. त्यावर ती कुणाची नात, कुणाची बायको, कुणाची आई, किती सालस होती, सगळं कोरलेलं असतं. बऱ्याचदा तिचं स्वतःचं नाव तेवढं नसतं. आत विटांच्या खोलीत मातीच्या दासी ठेवलेल्या, घोडे, वाजंत्री, म्हणजे तिकडे तिला एकटं वाटू नये. तोंडात मोती नाहीतर जेडचा तुकडा. "आपल्यात पण सोन्याचा मणी घालत्यातच की," त्या म्हणाल्या. त्याहून फार जुन्या एका राणीच्या थडग्यात तर कुऱ्हाडी सापडल्या, ती लढाईवर जायची, हे सांगितल्यावर त्या खूश झाल्या. "म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या राणीसारखीच म्हण की." मात्र तिच्या सोबतीला जिवंत माणसं मारून पुरली होती हे ऐकल्यावर म्हणाल्या, "शी! मातीची बाहुली बरी." आणि एका राणीला जेडच्या तुकड्यांचा आख्खा अंगरखा घातला होता, तुकडे सोन्याच्या तारेनं शिवलेले, म्हणून तो टिकला, हे सांगितलं तेव्हा त्या चक्क हसल्या. "सोन्याच्या तारेनं गाठवलं तर पटवेकऱ्याला पुन्हा विचारणार कोण? रेशीम कुजतंय म्हणून तर बाई दागिना घेऊन परत येती."

हसता हसता त्यांनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "हिला दागिना घेऊन परत जायला कोण पटवेकरी न्हवता. नीट सांग तुझ्या कामावर."

शुक्रवारी सकाळी मी वर्कशॉपला फोन केला. आपली चूक स्वतःच्या तोंडानं, तीही परक्या भाषेत कबूल करायची म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. प्रमुख बाईंनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. "कुणाच्या लक्षात आलं?" असं विचारलं. माझ्या सासूबाईंच्या, त्या आयुष्यभर दागिने ओवत आल्या आहेत, असं मी सांगितलं. "आल्झो, बरं तर," त्या म्हणाल्या, "मग सांगू नका, दाखवा. तसं ओवून, तसं पाडून दाखवा. सोमवारी सकाळी दोघी या. तोवर मी करवत बाहेर काढत नाही." मी त्यांच्या जागी असते आणि कुणाच्या तरी सासूनं नुसत्या फिल्मकडे बघून आमच्या कामावर बोट ठेवलं असतं, तर तिला कामावर बोलवायचं मला तरी सुचलं असतं का, याचा मी पुढे पुष्कळदा विचार केला. नसतं सुचलं. त्या बाईंचे उपकार मी विसरले नाही.

आता प्रश्न ओवायचं कुणी हा होता.

"मी सांगितलं न्हवं कसं असतंय ते?" सासूबाई म्हणाल्या. "आता तू ओव."

शनिवारी नवऱ्यानं हस्तकलेच्या दुकानातून काचेचे मणी, पितळेच्या टोप्या आणि रेशमी दोरा आणला. रविवारी इथे सगळं बंद असतं, त्यामुळे जे मिळालं त्यातच भागवायचं होतं. डोकं म्हणून आम्ही बाल्कनीतला लाल भोपळा घेतला. रविवारी सकाळी मी बसले. मोठं पोट, टेबलापर्यंत हात पोचत नाहीत, पहिली सर ओवली आणि गाठ सुटून मणी सगळ्या खोलीभर. नवरा पलंगाखाली शिरून गोळा करत होता. दुसरी सर ओवली, ती टोपीत जाईना. तिसऱ्यांदा दोराच तुटला. सासूबाई समोर बसून मटार सोलत होत्या, मान खाली, पण डोळे माझ्या बोटांवर. एक मटार डब्यात आणि दोन टरफलांत जात होते.

"अगं ए, दोऱ्याला पीळ द्यायच्या आधीच कुणी ओवतंय होय?"

"मला काय माहीत? मला कुणी शिकवलंय?" मी भडकले. "तुम्ही नुसत्या लांबून बोलता. उद्या ते कापणार आहेत, आई! माझ्या चुकीनं कापणार आहेत. आणि मला हे येत नाही!" मी रडायलाच लागले, लहान पोरीसारखी. नवरा पलंगाखालून बाहेर यायला तयार नव्हता.

सासूबाईंनी मटारांचं ताट बाजूला ठेवलं. हात पदराला पुसले. स्वतःशीच बोलावं तशा म्हणाल्या, "मेलेलीच हाय ती. तिला माझ्या हातचं काय लागणार हाय?"

आणि त्या जमिनीवर बसल्या. उजव्या पायातला लोकरी मोजा काढला, दोरा अंगठ्याला अडकवला, दुसरं टोक दातात धरलं. चार वर्षं रिकामी राहिलेली ती बोटं पहिली दोन मिनिटं चाचपडली. मग जी सुरू झाली ती मी आजतागायत विसरलेले नाही. सर, गाठ, सर, गाठ, टोपी. नवरा पलंगाखालून तसाच पोटावर झोपून बघत होता, आणि त्याचे डोळे भरले होते. मला "काही बोलू नकोस" अशी खूण करत होता. मी कशाला बोलतेय?

भोपळ्याला मुंडावळ्या बांधल्या. फार गोजिरा दिसत होता. मग सासूबाईंनी त्याला उशीवर ठेवलं आणि हळूच एका कुशीला कलवलं. दोन्ही बाजूंच्या सरी घसरून एकाच गालावर आल्या आणि पितळेच्या दोन्ही टोप्या शेजारीशेजारी जाऊन बसल्या. हुबेहूब फिल्ममधल्यासारख्या. "डोकं कललं असणार बिचारीचं," त्या म्हणाल्या. "म्हणून दोन्ही एका अंगाला आल्यात."

सोमवारी सकाळी आम्ही भोपळा पिशवीत घालून ट्रामनं गेलो. प्रमुख बाईंनी तो पाहिला, गंभीरपणे टेबलावर ठेवला आणि सासूबाईंना पुन्हा एकदा कलवायला सांगितला. मग फिल्म बघितली. मग भोपळा. असं तीनदा झालं. शेवटी त्यांनी खोडरबर घेतला आणि माझ्या कागदावरची लाल रेघ पुसायला लागल्या. पुसली जाईना, तेव्हा कागदच फाडला.

नंतर त्यांनी ठोकळ्यातून आधीच सुटून आलेला एक खरा मोती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि सासूबाईंना बघायला बोलावलं. मला वाटलं, आता या म्हणणार, मढ्याचा मोती, मी बघत नाही. सासूबाईंनी चपला काढल्या, मोत्याला दुरूनच हात जोडले आणि मग डोळा लावला. भोकाची एक कड झिजलेली होती. "घातलेलं हाय हे," त्या म्हणाल्या. "लोंबून लोंबून झिजलंय. पुरायसाठी म्हणून केलेलं न्हवं. हिनं जिवंतपणी मिरवलंय." मी जर्मनमध्ये सांगितलं. वर्कशॉपमध्ये या प्रश्नावर महिनोन्महिने वाद चालला होता. प्रमुख बाई खुर्चीत बसल्या आणि कानावरची पेन्सिल काढून काहीतरी लिहायला लागल्या. सासूबाई अजून मोत्याकडेच बघत होत्या. "बरं झालं बाई," त्या राजकन्येला म्हणाल्या, "घालून तरी झालं तुझं."

जाताना पाहुण्यांचा फॉर्म भरायचा होता. मीच भरत होते. एका रकान्यात बेरूफ, म्हणजे व्यवसाय. मी सवयीनं गृहिणी लिहिलं, व्हिसाच्या फॉर्मवरही तेच लिहिलं होतं. प्रमुख बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पेन सासूबाईंपुढे धरलं. "काय म्हणत्यात?" त्यांनी विचारलं. मी खालमानेनं सांगितलं. त्यांनी माझ्या शब्दावर एक रेघ मारली आणि पुढे, मोडीसारख्या लपेटीच्या अक्षरात, मराठीत लिहिलं: पटवेकरीण. तो फॉर्म तिथल्या कुठल्यातरी फायलीत अजून असेल.

इथे सगळं सुरळीत झालं असं म्हणता येईल. पण चहाच्या डब्याशेजारची ती डबी तशीच होती.

मी काही बोलले नाही. माझ्यासारख्या बाईनं दोन महिने तोंड बंद ठेवणं ही सोपी गोष्ट नव्हे. डिसेंबरात मुलगी झाली. सासूबाईंनी तिला तेल लावलं, शेक दिला, मला डिंकाचे लाडू खाऊ घातले, हिटरवर दुपटी वाळवली. ओरडल्याही पुष्कळ. माझी स्वतःची आई असती तर तिनं याहून काय वेगळं केलं असतं? त्यांचा परत जायचा दिवस आठवड्यावर आला. त्या दुपारी मुलगी झोपली होती. मी डबी घेतली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर जाऊन बसले.

"आई, आता तरी."

त्यांचा चेहरा आक्रसला. "ती मेलेली होती गं. तू जित्ती हायस. तुझ्या नवऱ्याला काय बरंवाईट झालं तर?"

मी या प्रश्नाची दोन महिने वाट बघत होते. "माझ्या नवऱ्याला," मी म्हटलं, "तुम्ही पोटात वाढवलंय. तुमच्या हातून त्याचं वाईट होईल? आई, सगळ्या जगाच्या बायका खोटं बोलतील, पण तुमचे हात त्याचं वाईट ओवणार नाहीत. आणि मला दुसऱ्या कुणाच्या हातचं नकोय. नाहीतर हे डबीतच राहील. मीही हट्टी आहे, तुम्हाला माहीत आहे."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मग पदर तोंडाला लावला आणि चिडून म्हणाल्या, "दोरा तरी आणलायस का? का तेही मीच बघायचं?"

भोपळ्याच्या वेळचं रेशीम उरलं होतं. त्यांनी ते बोटांवर ताणून बघितलं, "बरं हाय," म्हणाल्या, आणि उजव्या पायातला लोकरी मोजा काढला. एकेक काळा मणी तपासून घेतला. दोन्ही वाट्या स्वच्छ पुसून मधोमध घातल्या. मागे छोटासा गोंडा केला, लाल. दातानं दोरा तोडला. माझ्या मागे येऊन त्यांनी ते गळ्यात बांधलं आणि गाठ घट्ट आहे ना हे दोनदा ओढून पाहिलं.

"किती दिवस टिकेल हो, आई?" मी विचारलं.

"रेशीम हाय," त्या म्हणाल्या. "कुजंल चार-पाच वर्षांत. तेव्हा ये माझ्याकडं."